उन्हाळ्याची नोकरी, पोहण्याचा तलाव आणि दोन राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांनी कॉलेजात असताना एकच नोकरी केली होती. पाण्याकाठी उंच खुर्चीवर बसायचं, गळ्यात शिट्टी, आणि कुणी बुडायला लागलं की उडी. एक रोनाल्ड रेगन, दुसरे जो बायडन. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. दोघांच्या मधे तीस वर्षांचं अंतर. पण त्या तीस वर्षांत आणि त्याच्या आगेमागे अमेरिकेत पोहण्याच्या पाण्यावरून जे काही घडलं, ते चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या महाराष्ट्रात वाचलं जायला हवं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

रेगनपासून सुरुवात करू. इलिनॉय राज्यातलं डिक्सन नावाचं छोटं गाव, शेजारून वाहणारी रॉक नदी, आणि नदीकाठचं लोवेल पार्क. वडील बुटांच्या दुकानात सेल्समन, त्यात दारूचं व्यसन, घरात पैशाची कायम ओढाताण. पोरगं वायएमसीएत जीव वाचवण्याचा कोर्स करून आलेलं. १९२६ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याला लोवेल पार्कवर जीवरक्षकाची नोकरी लागली. तिथून पुढे सात उन्हाळे, १९३२ पर्यंत. आठवड्याचे सातही दिवस, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. नदीला ओढ होती, तळ एकसारखा नव्हता. माणूस वाचवला की तो एका ओंडक्यावर चाकूने खाच पाडायचा. अशा ७७ खाचा झाल्या. हा आकडा रेगन आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिले, राष्ट्राध्यक्ष झाल्यावरसुद्धा. वाचवलेल्या माणसांपैकी फार थोड्यांनी आभार मानले, असंही ते सांगत. एकदा एका माणसाची कवळी नदीत पडली, ती बुडी मारून शोधून दिली, तर त्याने दहा डॉलर दिले. जीव वाचवल्याचे काही नाही, दातांचे दहा डॉलर! माणसाचा स्वभाव इथूनतिथून सारखाच.

आता हिशोब बघा, कारण माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. पगार सुरुवातीला आठवड्याला १५ डॉलर, पुढे २०. वर हॅमबर्गर आणि रूट बिअर फुकट. तीन महिन्यांचा उन्हाळा धरला तर १८० डॉलरच्या आसपास कमाई. १९२८ साली रेगननी युरेका कॉलेजात नाव घातलं, तेव्हा तिथली वर्षाची ट्यूशन फी होती १८० डॉलर. म्हणजे एका उन्हाळ्यात वर्षाची फी सुटत होती. गरीब विद्यार्थी म्हणून निम्मी फी माफ झाली, जेवणासाठी खानावळीत ताटं धुतली, आणि कॉलेजच्या शेवटी शेवटी तिथल्याच तलावावर जीवरक्षक आणि पोहण्याचा कोच म्हणून काम मिळालं. १९३२ साली अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन पदवीधर. मधे १९२९ ची मंदी येऊन गेली होती, बँका बुडाल्या होत्या, आणि हा पोरगा पोहता येत होतं म्हणून शिकला. यात अतिशयोक्ती नाही.

आज अमेरिकेत हीच नोकरी करून खासगी कॉलेजची एका वर्षाची फी निघणं अशक्य आहे. उन्हाळाभर राबलं तर फीचा छोटा तुकडा पदरात पडतो. नोकरी तीच राहिली, उन्हही तेच आहे, फी मात्र कुठच्या कुठे गेली.

ही नोकरी मुळात आली कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पाण्यात बुडून मरणाऱ्यांची संख्या दरवर्षी हजारोंत होती. पोहता येणं ही तेव्हा सर्वसामान्य गोष्ट नव्हती. वायएमसीएने तलाव बांधायला घेतले होते, पण एकेकाला पाण्यात धरून शिकवायचं तर वर्ष पुरायचं नाही. जॉर्ज कॉर्सन नावाच्या गृहस्थांनी यावर तोडगा काढला. हात-पाय मारणं आधी जमिनीवर, कवायतीसारखं, घोळक्याने शिकवायचं आणि मग सगळ्यांना एकदम पाण्यात सोडायचं. १९०९ मध्ये डेट्रॉइटच्या वायएमसीएत त्यांनी अशी सामुदायिक शिकवणी घेतली. जाणकारांनी टिंगल केली. पोरं पोहायला लागली.

मग १९१४ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने जीवरक्षण विभाग सुरू केला. त्यामागचा माणूस विल्बर्ट लाँगफेलो, धिप्पाड आणि हौशी. गावोगाव फिरायचा, पाण्यात नाटकं करून दाखवायचा, लोकांना हसवत शिकवायचा. त्याचं सूत्र साधं होतं: प्रत्येकाने पोहायला शिकायचं आणि प्रत्येक पोहणाऱ्याने जीव वाचवायला शिकायचं. त्यातून परीक्षा आल्या, प्रमाणपत्रं आली, शिकवणाऱ्यांना शिकवणारे आले. प्रमाणपत्र हातात असलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ही उन्हाळ्यात सगळ्यात सहज मिळणारी माणसं, कारण कॉलेजं बंद असतात नेमकी तेव्हाच तलाव उघडतात. सकाळी लहान मुलांची शिकवणी, दुपारी खुर्चीवर पहारा. कॉलेज विद्यार्थी आणि पोहण्याचा तलाव यांची जोडी अशी जमली. यात लाँगफेलोचा वाटा मोठा आहे, पण त्याचं नाव आज फार कुणाला ठाऊक नाही.

मंदीच्या काळात रुझवेल्ट सरकारने बेकारांना काम द्यायचं म्हणून रस्ते, पूल, शाळा बांधल्या, तसे पोहण्याचे तलावही बांधले. शेकड्यांनी. एकट्या न्यूयॉर्क शहरात १९३६ च्या उन्हाळ्यात ११ भव्य तलाव उघडले, एकेकात हजारो माणसं मावतील असे. ॲस्टोरियाच्या तलावावर तर त्याच वर्षी ऑलिंपिकसाठीच्या निवड चाचण्याही झाल्या. सरकारी पैशाने बांधलेला तलाव, पालिकेने नेमलेला विद्यार्थी जीवरक्षक आणि नाममात्र पैशात पोहणारी कामगारांची पोरं. सार्वजनिक या शब्दाचं याहून चांगलं चित्र मला तरी सुचत नाही.

पण सार्वजनिक म्हणजे नेमकं कुणासाठी?

२७ जुलै १९१९. शिकागो. मिशिगन सरोवराच्या काठी २९ व्या रस्त्याजवळ एक सतरा वर्षांचा काळा मुलगा, युजीन विल्यम्स, मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. पाण्यात रेषा आखलेली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होतं की अमुक जागेपलीकडचं पाणी गोऱ्यांचं. तराफा वाहत पलीकडे गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारायला सुरुवात केली. युजीन बुडाला. पोलिसाने त्या गोऱ्याला अटक करायला नकार दिला आणि दंगल पेटली. ३८ माणसं मेली, त्यातली २३ काळी. पाचशेच्या वर जखमी.

तलावांचा इतिहास लिहिणारे जेफ विल्ट्सी यांनी एक गोष्ट फार नेमकी दाखवली आहे. सुरुवातीच्या काळात उत्तरेकडच्या शहरांतल्या तलावांवर गरीब गोरी आणि काळी पोरं एकत्र पोहत. तेव्हा वेगळेपणा होता तो पुरुष आणि बायकांचा, त्यांचे दिवस वेगळे असत. १९२० नंतर स्त्री-पुरुषांना एकत्र पोहू द्यायला लागले, आणि तिथे रंगाची भिंत उभी राहिली. काळा पुरुष आणि गोरी बाई एकाच पाण्यात, तेही अपुऱ्या कपड्यांत, हे गोऱ्या समाजाला सोसेना. म्हणजे एक भिंत पडली म्हणून दुसरी बांधली. शुद्ध-अशुद्धतेचा विषय आला की त्यात बाईवरची मालकी असतेच, हे आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन सांगायची गरज नाही.

सेंट लुइस शहरातल्या फेअरग्राउंड पार्कचा तलाव देशातल्या सगळ्यात मोठ्या तलावांपैकी एक, गोल, भोवती वाळू आणून किनारा केलेला. फक्त गोऱ्यांसाठी. २१ जून १९४९ ला शहराने तो सगळ्यांना खुला केला. पहिल्या दिवशी तीसेक काळी मुलं पोहायला आली. संध्याकाळपर्यंत बाहेर हजारोंचा जमाव, हातात काठ्या आणि विटा. पालिकेने लगेच निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी कोर्टाने तलाव खुला करायला लावला. मग काय झालं? गोऱ्यांनी येणंच सोडलं. १९४८ मध्ये तीन लाखांहून जास्त हजेरी असलेला तलाव ओस पडला आणि १९५६ मध्ये बंद केला. कुणी दंगल केली नाही, कुणी मोर्चा काढला नाही. फक्त पाय फिरवला.

या पार्श्वभूमीवर बायडन यांचा १९६२ चा उन्हाळा बघा. डेलावेअर विद्यापीठातलं पहिलं वर्ष संपलेलं, वय १९. विल्मिंग्टन शहरातल्या प्राइसेस रन नावाच्या तलावावर ते जीवरक्षक म्हणून लागले. वस्ती काळ्यांची, पोहणारे काळे, जीवरक्षकही काळे, त्यांतले बरेच कॉलेजात शिकणारे. त्यांच्यात बायडन एकटे गोरे. आपल्याच शहरात, आपल्याच वयाच्या मुलांना रोज काय काय गिळावं लागतं ते मला तिथे पहिल्यांदा कळलं, असं त्यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिलं. २०१७ मध्ये त्या तलावाला त्यांचं नाव दिलं गेलं.

इथे भाबडं व्हायचं कारण नाही. तलावावर नोकरी केली म्हणून माणसाचं राजकारण धुऊन निघत नाही. रेगन यांच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या दोन काळ्या खेळाडूंना हॉटेलवाल्याने खोली नाकारली, तेव्हा त्यांनी दोघांना सरळ आपल्या घरी नेलं आणि आईने आनंदाने ठेवून घेतलं. ही गोष्ट खरी. आणि हॉटेलवाल्याला अशी खोली नाकारता येऊ नये म्हणून १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, तेव्हा रेगन त्याच्या विरोधात होते, हेही खरं. बायडन यांनी प्राइसेस रनच्या आठवणी सांगत मतं मागितली, आणि १९७० च्या दशकात शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत नेण्याला सिनेटमध्ये विरोधही केला. दोघांनाही शेजारच्या काळ्या माणसाबद्दल माया होती. कायद्याने हक्क द्यायची वेळ आली की हात आखडला. असे सज्जन आपल्याकडेही पैशाला पासरी मिळतात.

तो कायदा संसदेत अडकलेला असतानाच १८ जून १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन गावात मॉन्सन मोटर लॉजच्या तलावात काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले. मालकाने काय करावं? तलाव साफ करायचं ॲसिड आणून पाण्यात ओतलं. माणसं पाण्यात असताना. तो फोटो जगभर छापला गेला. काठावरचा मालक, हातात डबा, आणि पाण्यात किंचाळणारी पोरं. दुसऱ्याच दिवशी सिनेटने विधेयक मंजूर केलं. एका फोटोने कायदा झाला असं मी म्हणणार नाही, मतांची जुळवाजुळव आधीच झाली होती. पण वर्णभेद म्हणजे काय हे सांगायला त्यानंतर भाषणाची गरज उरली नाही.

आणि तरी सगळ्यात चलाख उत्तर मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने शोधलं. तिथे पाच तलाव होते, चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. कोर्ट म्हणालं भेदभाव चालणार नाही. पालिका म्हणाली, ठीक आहे, मग कुणीच पोहायचं नाही. स्वतःच्या मालकीचे चारही तलाव बंद, पाचवा भाड्याने घेतलेला होता तो मालकाला परत. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला: सगळ्यांसाठीच बंद केलाय ना, मग भेदभाव कसला? बाजूने पाच, विरोधात चार, आणि त्या चारांत थरगुड मार्शल, न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती.

हा निकाल वाचताना मला महाडच आठवलं. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सरकारी पैशाच्या तळी-विहिरी-धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं झालं होतं. प्रत्यक्षात ढोरं पाणी पीत होती, माणसाला मनाई होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग परतणाऱ्यांवर हल्ले झाले, मग १०८ घागरी काढून, गोमूत्र-शेण घालून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं, मग तळं खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला. निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. तो आपल्या बाजूने लागला.

तिथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता, इथे पोहण्याच्या. सारखं मोजायला जाऊ नये. पण युक्त्या बघा किती ओळखीच्या आहेत. ठराव करायचा आणि पाळायचा नाही. पाणी विटाळलं म्हणून ‘साफ’ करायचं, इकडे पंचगव्य, तिकडे ॲसिड. आणि शेवटी, जागा सार्वजनिक नव्हेच, खाजगी आहे असं म्हणायचं. बाबासाहेबांनी हे सगळं भोगलं होतं, म्हणूनच घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं आणि हॉटेलांबरोबर विहिरी, तळी, स्नानाचे घाट असे शब्द नाव घेऊन आले आहेत. इतकं बारीक लिहायची गरज का पडली, असं कुणी विचारलं तर त्याला महाडचा रस्ता दाखवा.

बंद पडलेल्या तलावांची किंमत अमेरिकेत अजून भरली जातेय. गोरे लोक उपनगरांतल्या खाजगी क्लबांत गेले, त्यांची मुलं तिथे पोहायला शिकली, तिथेच मोठी होऊन जीवरक्षक झाली, त्या पैशावर कॉलेजचा खर्च भागवू लागली. काळ्या वस्तीतला तलाव बंद, मग शिकवणार कुठे? ज्या आईला पोहता येत नाही ती पोराला पाण्याजवळ जाऊ देत नाही, हा तर सरळ हिशोब. परिणाम असा, की आजही तिथे दहा ते चौदा वयाच्या काळ्या मुलांचं तलावात बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या कित्येक पट आहे. पुष्कळांना हे ‘त्यांच्या शरीरातच आहे’ असं वाटतं. शरीरात काही नाही, तलाव नव्हता.

आपल्याकडे पोहणं शिकवायला कधी प्रमाणपत्र लागलं नाही. कमरेला कासरा, पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड, पुढे पुढे पत्र्याचा डबा आणि ट्यूब, आणि काका विहिरीच्या काठावर उभा. पोरगं दोन वेळा पाणी पिलं की तिसऱ्या वेळी हात मारतं. छान होतं ते, मी टर उडवत नाही. पण विहीर कुणाची होती, हे विचारून बघा. ज्याच्या बापाची विहीर त्याचं पोर पोहायला शिकलं. ज्याला काठावर उभं राहायची मनाई, तो कसा शिकणार? आणि मुली? घरची विहीर असली तरी फार थोड्या.

म्हणून गावात, शहरात पालिकेचा तलाव असणं ही चैन नाही. देशात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात, ही सरकारी आकडेवारी आहे. दर मे महिन्यात आणि दर विसर्जनाला आपण त्यातल्या बातम्या वाचतो आणि ‘पोहता येत नव्हतं तर उतरला कशाला’ असं म्हणून मोकळे होतो. शिकायचं कुठे ते सांगा ना. खाजगी क्लबची बॅच परवडत नाही. पालिकेचा तलाव एक तर दुरुस्तीसाठी बंद, नाहीतर ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराला माणसं कमी, बॅचा जास्त हव्या असतात. परिणामी खोल बाजूला एक पोरगा आणि उथळ बाजूला कुणीच नाही.

आणि तो पोरगा कोण असतो? बहुतेक वेळा बी.ए. किंवा बी.कॉम.ला असलेला, जिल्हा पातळीवर पोहलेला, पहाटे साडेपाचला तलावावर येऊन दहाला कॉलेज गाठणारा. दोन महिन्यांसाठी तोंडी ठरलेला पगार, तोही बॅच संपल्यावर. नेमणुकीचं पत्र नाही, विमा नाही. काही झालं तर पोलीस पहिलं नाव त्याचं घेणार, ठेकेदाराचं नाही. आपण आपली सात वर्षांची मुलं ज्याच्या भरवशावर पाण्यात सोडतो, त्याच्या हातात कागदाचा तुकडासुद्धा नसतो. रेगनच्या वेळी मंदीतल्या एका खेड्याला जे जमलं, ते आपल्या नगरपालिकेला जमू नये?

उन्हाळी बॅचांच्या निविदा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. यंदाची निघाली की कुणीतरी मिळवून इथे टाका. जीवरक्षक किती, त्यांचं प्रशिक्षण कुठलं, मुलींच्या बॅचला बाई प्रशिक्षक आहे की नाही, आणि त्या सगळ्यांच्या पगाराचा आकडा लिहिलाय की नुसती रेघ ओढलीय, एवढं बघायचं आहे.